अर्जावर सही करू की नको?

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातून एका वाचक बाईंनी लिहिलं आहे. वय ४६, शाळेत शिक्षिका, राहत्या सोसायटीच्या कमिटीवर सदस्य. इमारतीच्या मागच्या गल्लीत जुनी वस्ती आहे आणि तिथल्या काही घरांत वर्षानुवर्षं वेश्याव्यवसाय चालतो. आता आजूबाजूच्या सोसायट्या मिळून पोलीस आयुक्तांना अर्ज देणार आहेत : ‘ही वस्ती इथून हटवा.’ कमिटीतल्या बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या, यांचीच राहिली आहे. अडचण अशी की यांच्याकडे बरीच वर्षं पोळ्यांना येणाऱ्या मावशी त्याच गल्लीत राहतात, आणि त्याही ‘त्यातल्याच’ आहेत हे नुकतंच सोसायटीच्या वॉचमनकडून कळलं. मावशींचा १९ वर्षांचा मुलगा आयटीआय करतो, त्याच्या फीसाठी यांनीच उचल दिली होती. यजमानांचं म्हणणं : सरकारने हा धंदा सरळ कायदेशीर करावा, बायकांना लायसन्स द्यावं, दर महिन्याला तपासणी सक्तीची करावी आणि गावाबाहेर एक जागा नेमून द्यावी, म्हणजे कुणाची तक्रार राहणार नाही. सासूबाई म्हणतात, मावशींना उद्यापासून बंद करा. पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, ‘आई, सही केलीस तर तू ढोंगी.’ बाईंचा प्रश्न : ‘मीही कायदेशीर करण्याच्याच बाजूची आहे. पण माझ्या खिडकीखाली नको, असं वाटणं चूक आहे का? सही करू का? आणि मावशींचं काय करू?’

ताई, सहीचं उत्तर आधी देऊन टाकते : करू नका. का, ते सांगायला थोडं लांबण लावावं लागेल, कारण तुमच्या यजमानांशी मी अर्धी सहमत आहे आणि उरलेल्या अर्ध्यावरच खरं बोलायला हवं.

खिडकीखाली नको वाटण्यात काहीच चूक नाही. तुम्ही लिहिलंय, रात्री उशिरा गेटसमोर बाइक लागतात, प्यायलेली माणसं आरडाओरडा करतात आणि एकदा क्लासहून येणाऱ्या तुमच्या मुलीला एका टोणग्याने ‘येतेस का’ म्हणून विचारलं. संताप येणारच. पण यातली एक तरी गोष्ट त्या गल्लीतल्या बायकांनी केली आहे का? तुमचं पत्र मी पुन्हा वाचून पाहिलं. ओरडणारे पुरुष, बाइक पुरुषांच्या, विचारणारा पुरुष. अर्ज मात्र बायकांना हटवा असा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता ‘कायदेशीर करा’कडे येते. असं म्हणताना आपण धरून चालतो की आज हा धंदा सरसकट बेकायदा आहे. तसं नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस आणि पत्रकार ‘पिटा’ म्हणतात, तो सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवण्याला गुन्हा म्हणतच नाही. गुन्हा आहे ते तिच्या आजूबाजूचं सगळं. कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जाणूनबुजून जागा भाड्याने देणं, तिच्या कमाईवर जगणं, गिऱ्हाईक आणून देणं. तिने रस्त्यावर उभं राहून किंवा घराच्या खिडकीत, गॅलरीत बसून खुणावलं तर ती स्वतः गुन्हेगार. देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा केला तरी गुन्हा. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेठेत देवळापासून २०० मीटर लांबची जागा मला कुणी दाखवावीच.

याच कायद्यातली कुंटणखान्याची व्याख्या बघा. दोन बायकांनी दोघींच्या फायद्यासाठी मिळून एक खोली वापरली, तरी ती खोली कुंटणखाना ठरते. म्हणजे एकटीने बंद दाराआड अनोळखी माणसाबरोबर राहायचं तर कायद्याची हरकत नाही. हाक मारली तर धावून येईल अशी मैत्रीण शेजारच्या कॉटवर, पडद्यापलीकडे असली, की दोघी आरोपी. आणि मावशींचा मुलगा? तो १८ पूर्ण झालेला आहे. आई काय करते हे त्याला माहीत असेल आणि तो तिच्या कमाईवर जेवत असेल, तर कलम ४ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दलालाला पकडण्यासाठी केलेलं कलम आयटीआयला जाणाऱ्या पोरालाही लागू पडतं.

अशा कायद्यातून काय उगवणार? हप्ता. आजूबाजूचं सगळंच गुन्हा असलं की वर्दीतल्या माणसाला दार वाजवायला कधीही कारण मिळतं. घरमालक म्हणतो, मी जोखीम घेतोय, तर भाडं रोजचं आणि चढं, पावती नाही, करार नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड नाही, बँकेत खातं नाही. मग पैसे घरवालीकडे, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीकडे, ठेवायचे किंवा व्याजाने देणाऱ्याकडून घ्यायचे. कोलकात्याच्या सोनागाछीतल्या बायकांनी १९९५ मध्ये ‘उषा’ नावाची स्वतःची सहकारी पतसंस्था काढली ती याच फासातून सुटायला. आपण महाराष्ट्रातले लोक, पतसंस्थेचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आधारकार्डाचा मार्ग मोकळा केला. पत्त्याचा पुरावा नसला तरी ‘नॅको’च्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर कार्ड मिळतं आणि त्यावर व्यवसायाची कसलीही खूण राहत नाही. हे तुमच्या मावशींनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे नोंदवते.

तेव्हा बदल हवाच. आता यजमानांची योजना : लायसन्स, सक्तीची तपासणी, गावाबाहेर जागा. ऐकायला व्यवहारी वाटते. पण ती नवी नाही, इंग्रजांनी राबवून झालेली आहे. १८६८ मध्ये हिंदुस्थानासाठी संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होत होते, म्हणून बायकांनी पोलिसांत नाव नोंदवायचं, ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर राहायचं आणि रोग निघाला तर ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या कोंडवाड्यात पडून राहायचं. मुंबईतही १८७० मध्ये तो लागू झाला. बायका काय करणार, पळाल्या. कलकत्त्यातल्या कितीतरी जणी इंग्रजांचं राज्य नसलेल्या, फ्रेंचांच्या चंद्रनगरात जाऊन राहिल्या. ज्या शिपायांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांची तपासणी या कायद्यात नव्हतीच. रोग हटला नाही, बोंबाबोंब झाली आणि १८८८ मध्ये कायदा गुंडाळला.

त्या काळची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर जर्मनी बघा. तिथे २००२ पासून हा व्यवसाय कायदेशीर करार म्हणून मान्य आहे. २०१७ मध्ये सरकारने नोंदणी सक्तीची केली. हेतू चांगला होता. पण २०१९ च्या अखेरीस नोंद होती सुमारे ४० हजार जणींची, आणि तिथे धंद्यात असलेल्यांचे जे अंदाज नेहमी दिले जातात ते दोन ते चार लाखांचे. अंदाज कच्चे आहेत, ते अर्धे धरले तरी बहुतेक जणी नोंदणीबाहेरच राहिल्या हे दिसतं. कारण उघड आहे. माहेरी, सासरी, मुलांच्या शाळेत कळेल या भीतीने कोण बाई सरकारी दप्तरात नाव घालेल? आणि जी घालत नाही, ती नव्या कायद्याने पुन्हा बेकायदा. म्हणजे लायसन्सवाली आणि बिनलायसन्सवाली अशी दुसरी भिंत उभी राहते, आणि हप्ता त्या भिंतीपलीकडे जाऊन बसतो.

सक्तीच्या तपासणीचं तर मला कोडंच आहे. आज घेतलेल्या रक्तात गेल्या आठवड्यातली लागण दिसेलच असं नाही, हे कुठल्याही एआरटी केंद्रातली (एचआयव्हीवर उपचार होतात तिथली) नर्स सांगेल. पण कार्डावर ‘ठीक’ असा शिक्का पाहिला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘मग कंडोम कशाला?’ म्हणजे कार्ड गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी आणि धोका तिच्या अंगावर. याउलट सांगलीत काय घडलं ते तुमच्यापासून लांब नाही. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून गोकुळनगरसारख्या वस्त्यांत काम सुरू केलं, ते वस्तीतल्याच बायकांना हाताशी धरून. कंडोम त्यांनीच वाटले, दवाखान्यात एकमेकींना त्यांनीच नेलं, ‘बिगर कंडोम नाही’ हे गिऱ्हाइकाला सांगायची हिंमत त्यांनी एकमेकींना दिली. १९९६ मध्ये त्यांचीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. तिथे कुणी हातात काठी घेऊन तपासणीला नेलं नव्हतं.

आणि गावाबाहेरची जागा. रात्री बारा वाजता, जिथे बस जात नाही, दिवा नाही, दुकान नाही, तिथे एखादं गिऱ्हाईक हातघाईवर आलं तर ती कुणाला हाक मारणार? त्यांची पोरं कुठल्या शाळेत जाणार? यजमानांनी योजना मांडताना या दोन प्रश्नांचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्यांची योजना नीट वाचली तर त्यातला प्रत्येक नियम बायकांवर आहे. मालकावर एकही नाही, गिऱ्हाइकावर नाही, पोलिसांवर नाही. कायदेशीर करा म्हणताना मी आधी हेच विचारते, नियमाची दोरी कुणाच्या हातात आणि दुसरं टोक कुणाच्या गळ्यात.

न्यूझीलंडने ती दोरी उलट धरली. २००३ चा त्यांचा कायदा संसदेत ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने पास झाला. त्या चर्चेत जॉर्जिना बेयर या खासदार बोलल्या, त्यांनी स्वतः हा व्यवसाय केलेला होता. त्या कायद्यात काम करणाऱ्या बाईला लायसन्स नाही आणि तिची नोंदणीही नाही. परवाना लागतो तो इतरांना कामाला ठेवून धंदा चालवणाऱ्याला. चौघीपर्यंत बायका बरोबरीच्या नात्याने एकत्र काम करत असतील, कुणी कुणाची मालकीण नसेल, तर त्यांना तोही लागत नाही. आपल्याकडे दोघी एकत्र आल्या की कुंटणखाना होतो, तो इथे आठवा. कंडोमची सक्ती दोघांवर आहे, आणि गिऱ्हाइकाने तो नाकारला तर दंड त्यालाही. पैसे घेतले, ठरलं, तरी शेवटच्या क्षणी ती ‘नाही’ म्हणू शकते, आणि कुणीही करारावर बोट ठेवू शकत नाही. पाच वर्षांनी, २००८ मध्ये, निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आढावा घेतला. धंदा फोफावेल ही भीती खरी ठरली नव्हती, आणि कायद्यानंतर गिऱ्हाइकाला नकार देणं सोपं झालं असं निम्म्याहून जास्त बायकांनी सांगितलं होतं. २०१४ मधली एक हकिगत तर मला सगळ्या अहवालांपेक्षा बोलकी वाटते. वेलिंग्टनच्या एका कुंटणखान्यातल्या बाईने व्यवस्थापकाने केलेल्या लैंगिक छळाची तक्रार मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे नेली आणि २५ हजार डॉलर भरपाई मिळवली. आपल्याकडे अशी तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या बाईला पहिलं वाक्य काय ऐकावं लागेल, ते तुम्हीही सांगू शकाल.

न्यूझीलंडचं सगळं गोड आहे असंही नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना तिथे हे काम करता येत नाही, म्हणजे परदेशातून आलेली बाई तिथेही अंधारातच. नेदरलँड्सने २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठवून नगरपालिकांकडे परवाने दिले, तेव्हाही युरोपीय संघाबाहेरच्या बायका बाहेरच राहिल्या आणि तस्करी संपली नाही. आपल्या वस्त्यांमध्ये बंगाल, कर्नाटक, आंध्र, नेपाळ इथून आलेल्या कितीतरी जणी असतात, हे लक्षात घ्यायलाच हवं.

आपल्याकडच्या काही स्त्रीवादी मैत्रिणी स्वीडनचं उदाहरण देतात. १९९९ पासून तिथे विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये तेच केलं. मागणी आटली की बाजार आटेल, हे तर्काला धरून आहे, आणि पुरुषाला जबाबदार धरण्याची त्यामागची भावना मला मनापासून पटते. पण पकडलं जाण्याच्या भीतीतलं गिऱ्हाईक घाई करतं, नाव सांगत नाही, आडोशाला चल म्हणतं. त्याची भीती शेवटी तिच्याच अंगावर येते. म्हणून मी त्या बाजूला नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही एका ओळीत विचारलंय, ‘गरिबीत दिलेली संमती खरी का?’ हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि मी तो टाळणार नाही. बहुतेक जणींच्या बाबतीत ती मोकळ्या मनाची निवड नसते. कुणाला नवऱ्याने सोडलं, कुणाला यल्लम्माला सोडलं, कुणाला मावशीने नोकरीच्या नावाने आणलं, आणि सज्ञान होईपर्यंत परतीची वाट बुजली. ही स्वातंत्र्याची गाथा वगैरे नाही. पण गरिबीतली संमती फक्त इथेच आहे का? बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला तर मुकादम दंड लावतो, म्हणून कितीतरी जणी ऑपरेशनला तयार झाल्या. त्यावर कुणी ऊसतोडीवर बंदी मागितली नाही. मागितलं ते हजेरीचे नियम, दवाखाना, मुकादमावर वचक. गरीब बाईच्या संमतीबद्दल शंका असेल तर तिचे हक्क वाढवावेत, तिच्या हातातलं काम पोलिसांच्या हाती देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

तस्करीबद्दल मात्र माझ्याकडे तडजोड नाही. १८ खालची मुलगी असेल तर ‘संमती’ हा शब्दच नाही, तिथे पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, आहे. फसवून, डांबून, विकून आणणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत तस्करीचा गुन्हा आहे, पिटामध्येही आहे. सज्ञान बायकांना गुन्हेगारीच्या छायेतून बाहेर काढल्याने यातलं एकही कलम सैल होत नाही. उलट, गल्लीत नवी पोर आली हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? तिथल्याच बायकांना. सोनागाछीत त्यांनी स्वतःची मंडळं नेमली, नवी आलेली मुलगी सज्ञान आहे का, मर्जीने आली आहे का, हे ती तपासतात. ही व्यवस्था सगळ्यांना पकडते असा माझा दावा नाही. घरवालीच्या कर्जात अडकलेली बाई मंडळासमोर ‘मर्जीने आले’ असंच म्हणेल, अशीही शक्यता असतेच. पण पोलिसांना फोन केला तर आपणच आत जाऊ, ही भीती असलेली बाई कधीच कुणाला काही सांगणार नाही, याची मला खात्री आहे.

आता तुमचा अर्ज. तो मंजूर झाला तर काय होईल? गोव्यात वास्कोजवळच्या बायना किनाऱ्यावरची वस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर २००४ च्या जूनमध्ये बुलडोझर लावून पाडली. ऐन पावसाळ्यात. धंदा बंद झाला नाही, लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत, दुसऱ्या गावांत पांगला. जिथे संस्था पोचत होत्या, कंडोम पोचत होते, ते पत्तेच नाहीसे झाले. तुमच्याकडे बुलडोझर येईलच असं नाही, पण रेड येईल. ती कशी होते ते सांगते. पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवतात, त्याच्या खिशात नंबर टिपलेल्या नोटा, बरोबर पंच. इशारा झाला की आत शिरतात. मालकिणीवर गुन्हा दाखल होतो, बायकांची नोंद ‘पीडित’ म्हणून होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘अमुक महिलांची सुटका’. सुटका म्हणजे गाडीत घालून ठाणं, तिथून तपासणी, तिथून सुधारगृह. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने मुक्काम १ ते ३ वर्षं होऊ शकतो. शाळेतून घरी आलेल्या पोराला दाराला कुलूप दिसतं.

२०१९ मध्ये मुंबईत मालाडला अशाच रेडमध्ये सापडलेल्या विशीतल्या तिघींना वर्षभर सुधारगृहात ठेवायचा आदेश झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द केला. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी स्पष्ट म्हटलं, वेश्याव्यवसाय हा या कायद्याने स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही. पण हे ऐकायला तिघींना वर्ष लागलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की या बायकांशी सन्मानाने वागा, त्यांच्याकडचे कंडोम पुरावा म्हणून धरू नका, आणि माध्यमांना सांगितलं की त्यांची ओळख फोडू नका. मात्र सज्ञान बाई मर्जीने काम करत असेल तर पोलिसांनी हात लावू नये, या मुद्द्यासह आणखी तीन मुद्द्यांवर केंद्र सरकारने हरकत घेतली. त्यामुळे हा कायदा आजही अधांतरीच आहे, आणि अधांतरी कायद्यात तुमच्या अर्जासारखा कागद पोलिसांना आयता लागतो. अर्जदारांमध्ये शिक्षिका आहे म्हटल्यावर त्याचं वजनही वाढतं.

मग कमिटीत काय सांगायचं? नुसता विरोध करून बसू नका, दुसरा मसुदा पुढे करा. ‘वस्ती हटवा’ हे वाक्य काढायचं आणि तक्रार ज्याची आहे त्याची लिहायची : रात्री ठराविक वेळेत गस्त, गेटसमोर बाइक लावण्यावर बंदी, गल्लीच्या तोंडाशी दिवा, बाया-मुलींना छेडणाऱ्यांवर कारवाई. दिवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातून मिळतो, त्याला आयुक्त लागत नाहीत. अर्ज देण्याआधी कमिटीतल्या दोघी-तिघींनी वस्तीतल्या बायकांशी जाऊन बोलावं, जिल्ह्यात त्यांच्यात काम करणारी संस्था असेल तर तिच्यामार्फत. प्यायलेल्या गिऱ्हाइकाला गल्लीच्या आतच आवरायला त्यांनाही हवंच असतं, मार पहिला त्यांनाच बसतो. आणि वस्तीत अल्पवयीन मुलगी आहे असा संशय आला, तर सह्यांची मोहीम काढत बसायचं नाही. १०९८ वर किंवा ११२ वर लगेच फोन, नाव गुप्त ठेवा असं सांगून. स्वतः धाड घालायला जायचं नाही. आधीच पुकारा झाला तर पोर रातोरात हलवली जाते.

अर्जामागे जागेचे भाव आहेत का, हेही जरा चाचपून पाहा. जुन्या वस्तीच्या जागेवर कुणाचा डोळा असला की नैतिकतेला अचानक भरतं येतं, हे मुंबईच्या कामाठीपुऱ्यापासून सगळीकडे दिसतं. तुमच्याकडे तसं नसेलही.

आता मावशी. ‘त्यांनी मला फसवलं’ असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी तुमच्याशी पोळ्यांचं ठरवलं होतं, त्या त्या वेळेवर येऊन करतात, एवढ्या वर्षांत कधी दांडी नाही असंही तुम्हीच लिहिलंय. उरलेल्या वेळात काय करतात हे तुम्ही विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगायला हवं होतं असं मला वाटत नाही. (वॉचमनला ते नेमकं कसं कळलं, हे कमिटीत कुणी विचारलं का?) आजाराची भीती असेल तर एवढंच : एचआयव्ही कणकेतून, पाण्यातून, ताटातून पसरत नाही. हे शिक्षिकेला सांगावं लागू नये, पण सासूबाईंसाठी लिहिते.

एक कागद घ्या. मावशींना तुमच्याकडून आणि बाकीच्या घरांकडून पोळ्यांचे महिन्याला मिळत असतील तेवढे पैसे मांडा. त्यातून खोलीचं भाडं वजा करा, मुलाची फी, त्याचा बसपास, गॅस, आणि तुम्ही दिलेल्या उचलीचा हप्ता. खाली काय उरतं ते पाहा. मग पगार वाढवता येतो का, ओळखीत अजून दोन घरं मिळवून देता येतात का, याचा विचार करा. पण ‘ते काम सोडलंत तरच’ अशी अट घालून नको. सोडायचं की नाही, कधी सोडायचं, ते त्या ठरवतील. ‘मला सगळं कळलंय’ असं नाट्यपूर्ण काही बोलायलाही जाऊ नका. अर्जाची बातमी मात्र त्यांना तुमच्याकडून कळायला हवी, कारण रेड झालीच तर मुलाने कुठे जायचं हे त्यांनी आधी ठरवलेलं असावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो आणि फोन १५१०० वर लागतो. हा नंबर त्यांच्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

मुलीशी बोलताना पायरीपायरीने जायची गरज नाही, तुमच्या पत्रावरून ती तुमच्यापेक्षा पुढे दिसते. तिच्याशी बोलायचं ते त्या टोणग्याबद्दल. तो प्रसंग तुम्ही अर्जासाठी वापरताय, पण तिला तेव्हा काय वाटलं, पुन्हा घडलं तर ती काय करणार, कुणाला फोन लावणार, हे विचारल्याचं पत्रात कुठे नाही. ‘ढोंगी’ म्हणाली त्यात थोडा तोही राग असेल.

सासूबाईंना वेळ लागेल. तोवर काही घरांत करतात तसं मावशींना मागच्या दाराने बोलावून गॅलरीत पोळ्या लाटायला लावू नका, ओट्याशीच उभ्या राहू द्यात.